बनावट तबकड्यांची पारख

गेल्या महिन्यांत परिचयाचे एक गृहस्थ जुनी तबकडी कागदांत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. त्यांच्या वडील बंधूंनीं ती अमेरिकेंत विकत घेतली होती. ते बंधु आतां हयात नाहींत. अशा तबकडीस आज मोठी किंमत येते असें कानीं आल्यामुळें, ती ठेवावी कीं विकावी, हा त्यांचा प्रश्न होता. तबकडी होती ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’. मीं तिचें मधलें लेबल पाहिलें आणि क्षणभर कांहींच बोललों नाहीं.

शिकागोच्या व्ही-जे कंपनीनें ही तबकडी जानेवारी १९६४ मध्यें काढली. लगोलग कोर्टकज्जे लागले. ‘लव्ह मी डू’ व ‘पी. एस. आय लव्ह यू’ हीं दोन गाणीं वगळून त्यांच्या जागीं दुसरीं घालावीं लागलीं. १५ ऑक्टोबर १९६४ नंतर तर कंपनीचा हक्कच संपला, आणि १९६६ सालीं तिचें दिवाळें वाजलें. मागणी जबर आणि मालाला धनी कोणी नाहीं, अशा ठिकाणीं नकलाकारांची उडी पडावी यांत नवल तें काय! सर्वांत अधिक नकला झालेल्या तबकड्यांत हिची गणना होते. (१९६९ सालीं बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ निघाली, तीहि चोरटीच, पण तिनें दुसऱ्या कोणाचें सोंग घेतलें नव्हतें. आपला प्रश्न सोंगाचा आहे.)

नकलाकाराजवळ मूळ ध्वनिफीत नसते, मूळ साचेहि नसतात. तो बाजारांतून एक तबकडी आणतो, ती वाजवून आवाज पुन्हां टिपतो, आणि वेष्टनाचें छायाचित्र घेऊन नवें वेष्टन छापतो. छापील चित्राचें पुन्हां चित्र घेतलें कीं बारीक अक्षरांच्या कडा बुजतात, चेहऱ्यांवरील छटा सपाट होतात. या तबकडीच्या खऱ्या वेष्टनावर जॉर्ज हॅरिसनची सावली दिसते. पुष्कळ नकलांत ती पार नाहींशी झालेली असते.

लेबल तर याहून स्पष्ट बोलतें. खऱ्या प्रतीवर तबकडीचें नांव आणि ‘द बीटल्स’ हीं दोन्ही मधल्या भोंकाच्या वर छापलेलीं असतात. एक वर, दुसरें खालीं, असें दिसल्यास प्रत जवळजवळ निश्चित बनावट समजावी. पाहुण्यांच्या तबकडीचें भोंक नेमकें दोहोंच्या मध्यें होतें.

नंतर तबकडी उजेडांत तिरपी धरावी. शेवटचें गाणें संपल्यावर लेबलापर्यंत जो कोरा पट्टा उरतो, त्यांत साच्यावरील खुणा उमटतात. कित्येक खऱ्या प्रतींवर ‘ऑडिओ मॅट्रिक्स’ असा यंत्रानें उठविलेला ठसा असतो. कांहींवर वर्तुळांत ‘एम आर’, ही लॉस एंजल्सच्या मोनार्क कारखान्याची खूण. नुसता हातानें खरडलेला क्रमांक दिसला तर संशय घ्यावा.

मला मात्र खरी मौज वाटते ती कानाच्या परीक्षेची. नक्कल करतांना जुन्या तबकडीवरील ओरखडेहि आवाजांत उतरतात. सुई टक् टक् करते. आपण तबकडी थांबवून ती जागा न्याहाळतों, तर पृष्ठभाग आरशासारखा नितळ! धुळीनेंहि टकटक होते, म्हणून तबकडी पुसून त्याच जागीं आवाज पुन्हां येतो का तें पाहावें. वेष्टनावर ‘स्टीरिओ’ छापलेलें असून दोन्ही लाउडस्पीकरांतून अगदीं एकच आवाज येत असेल, तर तेंहि लबाडीचेंच लक्षण. खऱ्या स्टीरिओ प्रती फार थोड्या निघाल्या. चांगल्या स्थितींतील प्रतीस हजारों डॉलर पडतात, त्यामुळें हा एक शब्द छापण्याचा मोह अनावर होतो.

दूरच्या विक्रेत्याकडून तबकडी घेतांना लेबलाचीं आणि कोऱ्या पट्ट्याचीं छायाचित्रें अवश्य मागावीं. तो टाळाटाळ करूं लागला, कीं व्यवहार सोडून द्यावा.

“म्हणजे दादांना फसविलें म्हणायचें,” पाहुणे म्हणाले. मीं मान हलविली. मग त्यांनीं माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली व ती वेष्टनांत सरकविली : ‘ही प्रत बनावट आहे. खरी म्हणून कोणास विकूं नये.’