साहेबाला कळू न देता नोकरी शोधायची, ती कशी

चाकणच्या कारखान्यातला एखादा क्वालिटी इंजिनिअर नोकरी बदलायचं ठरवतो, तेव्हा नोकऱ्या कुठे आहेत हे त्याला साधारण ठाऊक असतं. अडचण असते ती वेगळीच. त्याच्या कंपनीचे ग्राहक, पुरवठादार आणि स्पर्धक सगळे एकाच टापूत, आणि ऑडिटच्या निमित्ताने एकमेकांकडे सतत येणं-जाणं. मुलाखतीला शेजारच्या प्लँटवर गेलं की गेटवरच्या रजिस्टरात नाव लिहावं लागतं, आणि आत आपल्याच डिस्पॅचचा माणूस चलनावर सही घेत उभा असतो. हिंजवडी-खराडीतल्या आयटीवाल्यांचंही फार वेगळं नाही. तिथे गेटपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची भीती जास्त, इतकंच.

आधी एक शंका मिटवू. गुपचूप नोकरी शोधण्यात बेइमानी काहीही नाही. तुमच्या जागी दुसरा माणूस शोधायचा झाला तर कंपनीही तुम्हाला विचारून शोधत नाही. मात्र हे खासगी नोकरीपुरतंच. सरकारी खाती, सार्वजनिक बँका आणि उपक्रम यांतल्या माणसाला दुसरीकडे अर्ज करताना बहुतेक वेळा ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तिथे गुप्ततेचा प्रश्न पहिल्याच पायरीवर निकालात निघतो.

नोकरी डॉट कॉम 1997 पासून सुरू आहे आणि आजही बहुतेकांचा शोध तिथूनच सुरू होतो. ही साइट दोन बाजूंनी चालते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याला जाहिराती दिसतात, आणि कंपन्यांचे एचआर पैसे भरून आपले बायोडेटे चाळतात. त्यात आपल्या कंपनीचे एचआरही असू शकतात. म्हणून प्रोफाइल ताजं करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आपली कंपनी ब्लॉक करायची. समूहातल्या बाकीच्या कंपन्याही त्यात घालायच्या, कारण भरतीचं काम कधी कधी मूळ कंपनीच्या नावाने होतं. तरीही एक भोक उरतंच. आपल्या कंपनीसाठी माणसं शोधणारे बाहेरचे कन्सल्टंट या ब्लॉकमध्ये अडकत नाहीत. तेव्हा प्रोफाइलमध्ये सध्याच्या कंपनीच्या नावाऐवजी ‘वाहन उद्योगातील नामांकित पुरवठादार’ एवढं लिहिलं तरी मुलाखतीला बोलावणारे बोलावतात.

लिंक्डइनवर ‘नोकरीच्या शोधात’ असल्याचं दोन प्रकारे दाखवता येतं. फोटोभोवती हिरवी पट्टी लावली की सगळ्या जगाला दिसतं. फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय निवडला, तर तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं. पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, आणि तसं स्वतःच सांगतं. प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवणारं सेटिंगही आधी बंद करावं. तीन वर्षं झोपलेलं प्रोफाइल एका रविवारी अचानक सजलं की टीम लीडला अर्थ लावायला वेळ लागत नाही.

यानंतर ऑफिसचा लॅपटॉप. यावर माझं मत ठाम आहे: शोधाचं कुठलंही काम त्यावर करू नये, रात्री घरी बसूनसुद्धा नाही. कंपनीच्या यंत्रावर कुठल्या साइट उघडल्या याची नोंद राहू शकते, बाहेरच्या पत्त्यावर फाइल पाठवली की सुरक्षा विभागाकडे इशारा जाऊ शकतो, आणि हा पहारा कायदेशीर ठरावा म्हणून नेमणुकीच्या वेळी तुमची सही बहुधा घेतलेलीच असते. ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा प्रिंटर, ऑफिसचा ईमेल यांनाही हेच लागू. प्रिंटरवर विसरलेल्या बायोडेट्याने फुटलेली गुपितं काही थोडी नाहीत.

पगाराच्या स्लिपा मात्र आपल्याच असतात. नवी कंपनी साधारण शेवटच्या तीन महिन्यांच्या मागते. त्या दर महिन्याला डाउनलोड करून ठेवायची सवय चांगली, कारण राजीनाम्यानंतर पोर्टल कधी बंद होईल सांगता येत नाही. ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, कोड यांतलं काहीही उचलू नये. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये ही करारातली अट 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. गोपनीय माहिती नेल्याचा दावा टिकू शकतो. बाँडची गोष्ट आणखी निराळी. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. म्हणून शोध सुरू करण्याआधी आपलं नेमणूकपत्र एकदा शांतपणे वाचावं. बहुतेकांनी ते सही करतानाही वाचलेलं नसतं.

यंत्रांपेक्षा माणसांतून बातमी लवकर फुटते. कन्सल्टंटला पहिल्याच फोनवर सांगायचं की मला विचारल्याशिवाय बायोडेटा कुठेही पाठवू नका, आणि ते ईमेलवर लिहूनही द्यायचं. काही जण तो सरसकट दहा ठिकाणी टाकतात आणि अकरावं ठिकाण तुमचंच ऑफिस निघतं. संदर्भ म्हणून सध्याच्या साहेबाऐवजी आधीच्या नोकरीतल्या साहेबाचं नाव द्यावं. ऑफिसातल्या ‘फक्त एका’ मित्राला सांगायचा मोह आवरावा. त्यालाही फक्त एक मित्र असतो.

मुलाखतीची पहिली फेरी हल्ली व्हिडिओवर होते, त्यामुळे सकाळी साडेआठ किंवा संध्याकाळी सातची वेळ मागायला संकोच नको. नोकरीत असलेल्या माणसाला वेळेची अडचण असते हे पलीकडच्यालाही ठाऊक असतं. प्रत्यक्ष फेरीसाठी सरळ एक दिवस रजा घ्यावी आणि कारण ‘घरगुती काम’ एवढंच द्यावं. रजेसाठी घरातल्या कुणाला आजारी पाडू नये. वर्षभर टी-शर्टात येणारा माणूस मंगळवारी इस्त्रीचा फुल शर्ट घालून आला आणि चारला निघाला, तर रजेचा अर्ज न देताही सगळ्यांना कळतं.

सगळ्यात अवघड जागा नोटीस पिरियडची. आयटीत आणि मोठ्या कंपन्यांत तो बहुधा 90 दिवसांचा असतो. नव्या कंपनीला माणूस महिन्याच्या आत हवा असतो, म्हणून रिक्रूटर यादी लावतानाच ‘नोटीसवर असलेले’ किंवा ‘15 दिवसांत येऊ शकणारे’ उमेदवार वेगळे काढतात. गुपचूप शोधणारा, अर्थातच राजीनामा न दिलेला, या चाळणीत मागे पडतो. मग कोणीतरी सल्ला देतं: आधी राजीनामा टाक, फोन आपोआप येतील. फोन येतात हे खरं. पण 90 दिवस संपत येतात तसा पगाराच्या वाटाघाटीत जोर ओसरतो, आणि घराचा हप्ता कोणाची वाट पाहत नाही. घरात दुसरा पगार किंवा सहा महिन्यांची शिल्लक नसेल तर हा जुगार खेळू नये. त्याऐवजी नोटीस विकत घेता येते का हे नेमणूकपत्रात पाहावं. म्हणजे उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटायचं. हा खर्च नवी कंपनी उचलेल का, हे पगार ठरताना विचारावं. अनेक कंपन्या उचलतात, पण विचारणाऱ्यासाठीच.

तोंडी होकार म्हणजे नोकरी नव्हे. पगाराची फोड, रुजू व्हायची तारीख आणि अटी लिहिलेलं ऑफर लेटर हाती येईपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नये. पार्श्वभूमी पडताळणीच्या फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीशी कधी संपर्क साधावा याचा रकाना असतो. तिथे ‘कार्यमुक्त झाल्यावर’ निवडावं. तो नजरचुकीने मोकळा राहिला तर पडताळणी संस्थेचा ईमेल थेट तुमच्या एचआरकडे जातो.

गुप्तता जुन्या कंपनीपासून, नव्या कंपनीपासून नाही. पगार फुगवून सांगितला तर स्लिपा खोटं पाडतात. तारखा सरकवल्या तर भविष्य निर्वाह निधी खोटं पाडतो: 2014 पासून प्रत्येक सभासदाला एकच यूएएन क्रमांक असतो आणि कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता हे त्याखाली ओळीने दिसतं.

ऑफर हाती आली की ऑफिसात पहिल्यांदा कळायला हवं ते थेट साहेबाला, समोरासमोर, आणि त्याच दिवशी ईमेलवर. त्याने पगार वाढवून थांबायला सांगितलं, तर ती वाढ आजवर का मिळाली नव्हती हे त्यालाच विचारावं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतात; ती भरायला महिना-दोन महिनेच राहिले असतील तर शेवटची तारीख त्या हिशोबाने मागून घ्यावी. रिलीव्हिंग लेटर हातात घेऊनच निघावं. पीएफ खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख जुनी कंपनी भरत नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः भरता येते.