अंतर्गत पुनर्निर्देशन
वेब सर्व्हरकडे आलेली मागणी ब्राउझरला न कळविता सर्व्हरने स्वतःच दुसऱ्या पत्त्याकडे वळविण्याच्या क्रियेस अंतर्गत पुनर्निर्देशन म्हणतात. बाह्य पुनर्निर्देशनात नवा पत्ता ब्राउझरला कळविला जातो व तो नव्याने मागणी करतो. अंतर्गत प्रकारात मागणी सर्व्हरमध्येच फिरते आणि त्या वेळी वापरकर्त्याची पडताळलेली ओळख पुष्कळदा हरवते.

कारणे : अपाची (पहिली आवृत्ती १९९५) या सर्व्हरमध्ये परवलीच्या शब्दाची पडताळणी झाल्यावर वापरकर्त्याचे नाव सीजीआय आज्ञावलीस ‘रिमोट_यूजर’ या चलातून मिळते. पुनर्निर्देशनाच्या वेळी सर्व्हर मागणीची नवी नोंद तयार करतो. नवा पत्ता संरक्षित नसेल, तर ही नोंद नावाविना राहते. मूळ नाव मात्र नष्ट होत नाही. ते ‘रिडिरेक्ट_रिमोट_यूजर’ या चलात उपलब्ध असते. केवळ पहिलेच चल वाचणाऱ्या आज्ञावलीस वापरकर्ता अनोळखी ठरतो.

परिणाम : जमिनीच्या फेरफाराची नोंद एक अधिकारी करतो व मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. समजा, शाहूवाडी तालुक्यातील अशा नोंदींसाठी असलेल्या एखाद्या संगणकीय प्रणालीत हा दोष उद्भवला, तर नोंद कोणी केली व प्रमाणित कोणी केली, हे सांगता येणार नाही आणि खातेदाराच्या हक्काचा पुरावाच दुबळा होईल.

निदान व उपाय : प्रथम आज्ञावलीस मिळालेली चले चाचणीपुरती तपासावीत. सर्व्हरच्या नोंदवहीत ‘%यू’ ही खूण अखेरच्या मागणीतील नाव दर्शविते. मूळ नावासाठी ‘%<यू’ वापरावी. नव्या पत्त्यासही तेच संरक्षण लावणे, हा सर्वांत सरळ उपाय होय. ते शक्य नसल्यास आज्ञावलीने दुसरे चलही वाचावे. पत्ता बदलण्याचे नियम ‘.एचटीॲक्सेस’ धारिकेत असल्यास अंतर्गत पुनर्निर्देशन घडते. ते मुख्य संरचनेत हलविल्याने बहुधा टळते. ‘ऑथोरायझेशन’ हे शीर्षक आज्ञावलीस न मिळणे, हा वेगळा प्रश्न आहे. सुरक्षिततेसाठी ते मुळातच रोखलेले असते व आवृत्ती २.४.१३ पासून ‘सीजीआयपासऑथ’ या आज्ञेने देता येते. नाव न मिळाल्यास प्रवेश नाकारणे हेच इष्ट. अनामिकास प्रवेश देणे हा उपाय नव्हे.