कानाला खोडवा नाही

हंगाम आला की आम्ही बेण्याचे, खताचे, तोडीचे लिहितो. आज कानाचे लिहितो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले मिल हाऊसमध्ये पाळी करतात, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरवर रात्र काढतात.

फायबरायझर असो, टर्बाइन असो की बिनकेबिनचा ट्रॅक्टर. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर तो आवाज कानाला घातक समजावा. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा घातली गेली; 95 ला चारच तास. कारखाने अधिनियम, 1948 मधील रोगांच्या यादीत हा बहिरेपणा आला, तो उगीच नव्हे.

आतल्या कानात केसाळ, नाजूक पेशी असतात. सततच्या आवाजाने त्या मरतात. तोडलेला ऊस खोडव्याला फुटतो. या पेशी पुन्हा फुटत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. कानात शिट्टी वाजू लागते, लेकरांचे बारीक बोलणे निसटते, मग घरचे म्हणतात, "ह्यांना हल्ली ऐकूच येत नाही बघा!"

इंजिनाच्या वर ऐकू यावे म्हणून ड्रायव्हर पोरं गाणी मोठ्याने लावतात. कानावर दुहेरी मारा होतो, अन् मागचा हॉर्नही कळत नाही.

कापसाचा बोळा पुरत नाही. इअरप्लग किंवा इअरमफ वापरा. फुटका सायलेन्सर बदला. शिट्टी थांबत नसेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान तपासून घ्या. गेलेले ऐकणे परत येत नाही. उरलेले मात्र राखता येते.