अक्षयनीवी आणि आपली वाचनालये

आपल्या परभणी जिल्ह्यात जयंतीच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने गावोगावी वाचनालय सुरू करण्याची प्रथा जुनी आहे. उद्घाटन थाटात होते. कपाट येते, ग्रंथ येतात, दोन वर्तमानपत्रे लागतात. पहिले वर्ष वर्गणीवर निभते. दुसऱ्या वर्षी पेपरवाल्याचे बिल थकते आणि तिसऱ्या वर्षी कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, याचीच चौकशी करावी लागते. कोणा एका गावाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही यातून गेलो आहोत. संस्था काढणे आपल्याला साधते, चालवणे साधत नाही, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

संस्था कशी टिकवावी हे शिकायचे असेल तर आपल्याला दूर जायला नको. भिक्खू संघ ही धर्मसंस्था होतीच, पण ती पालि भाषा आणि त्या भाषेतील ज्ञान जतन करणारी संस्थाही होती. हल्ली ‘शाश्वत विकास’ हा शब्द सर्वत्र ऐकू येतो. तथागतांनी शाश्वतवाद नाकारला, त्यामुळे आम्हा बौद्धांना तो शब्द जरा खटकतो. सर्व संस्कार अनित्य आहेत. म्हणूनच हाती असलेल्या गोष्टीची निगा राखावी लागते. ही निगा संघाने आणि त्याच्या उपासकांनी कशी राखली, ते पाहण्यासारखे आहे.

जी गोदावरी आपल्या गंगाखेडवरून वाहते, तिच्याच वरच्या अंगाला नाशिकची त्रिरश्मी लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. त्याने लेणे दान दिले आणि सोबत ३,००० कार्षापणांची ‘अखयनिवी’ म्हणजे अक्षयनीवी दिली. नीवी म्हणजे मूळ भांडवल. हे पैसे त्याने संघाच्या हाती रोख दिले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ते ठेवले. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट दगडात कोरलेली आहे.

विद्यार्थ्यांनी येथे जरा हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा २० कार्षापण, म्हणजे वर्षाला २४०. लेख सांगतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा, २४०! पैचाही फरक नाही. आधी गरज मोजली, मग व्याज मोजले आणि त्यावरून भांडवल ठरवले. आपण नेमके उलटे करतो. वर्गणी जमते तेवढी जमवतो आणि मग खर्च शोधतो. शिवाय ज्यांच्याकडे रक्कम ठेवली ते विणकर होते. त्या पैशावर त्यांचे मागही चालले असतील.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. हे दान निगमसभेत वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले, असे तो सांगतो. म्हणजे ठेव किती, कोणाकडे, कशासाठी, हे गावाला ठाऊक होते.

दाते केवळ राजघराण्यातले नव्हते. याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी तिने वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेली आहेत, पाण्याची यंत्रे करणारे कारागीरही आहेत. सगळे पैसे एके ठिकाणी न ठेवण्याचे शहाणपण या उपासिकेला होते.

मिळालेली वस्तू वापरायची कशी, याचे उत्तर विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० वस्त्रे दिली. हा भिक्खू कापडाचा व्यापार करणार की काय, अशी शंका घेऊन राजाने विचारले, इतक्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पांघरुणाचे पट करू. ते विटले की गादीचे अभ्रे, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके. तेही फाटले की कुटून चिखलात कालवून त्याने जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. आपल्या आयाबायांना यात नवल वाटणार नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ त्यांनी जन्मभर शिवली आहे.

भाषेच्या बाबतीत संघाने भांडवल माणसांत गुंतवले. दीघभाणक, मज्झिमभाणक असे गट एकेक निकाय मुखोद्गत ठेवत. सिंहलद्वीपात इसवी सनपूर्व पहिल्या शतकात वट्टगामणीच्या काळी त्रिपिटक ग्रंथारूढ झाले, तोवर ते असेच टिकले.

पैशाअभावी काय होते, हे बाबासाहेबांनीही सोसले आहे. १९२० साली निघालेला ‘मूकनायक’ १९२३ मध्ये थांबला, १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये. ज्या पत्राचे रकानेच्या रकाने ते स्वतः लिहून काढत, तेही निधीवाचून चालू शकले नाही. पुढे मराठवाड्यात डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ पासून ‘अस्मितादर्श’ दशकानुदशके चालवून दाखवले आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरवून त्याभोवती माणसे जोडून ठेवली.

आता आपला हिशेब. ५० सभासदांनी एकदाच प्रत्येकी १,००० रुपये दिले तर ५०,००० होतात. उषवदाताला दरसाल शेकडा १२ मिळत होते. आपण ६ धरू. वर्षाला ३,००० म्हणजे महिन्याला २५० रुपये. एखादे दैनिक आणि एखादे मासिक त्यात भागावे. महागाई वाढते, म्हणून व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुळात मिळवावा लागेल, नाहीतर नीवी नावापुरतीच अक्षय राहील. ठेव व्यक्तीच्या नावे न ठेवता संस्थेच्या नावे ठेवावी. १४ एप्रिलला भाषणे सुरू होण्यापूर्वी विहारात पासबुक वाचून दाखवावे. फलक वाचनालयाच्या दारातच लावावा आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, तेही त्यावर लिहावे.