इझी-आऊट आतच तुटला? आधी हात थांबवा

उसाचा हंगाम सुरू झाला की नगर जिल्ह्यात ट्रॅक्टर उभा राहणं कुणालाच परवडत नाही. नेमका तेव्हाच सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा 8 मिमीचा स्टड हेडच्या तोंडाशी तुटतो. मेकॅनिक त्यात भोक पाडतो, इझी-आऊट, म्हणजे तुटका स्टड उलटा फिरवून काढायचं पेचाचं हत्यार, बसवतो, हँडल फिरवतो आणि 'खट्' असा आवाज येतो. आता स्टडच्या पोटात त्याच्याहून कठीण पोलाद अडकलेलं असतं. इथवरचं नुकसान भरून निघतं. खरं नुकसान होतं ते पुढच्या अर्ध्या तासातल्या घाईत, आणि त्या घाईमागे काही पक्के गैरसमज असतात.

गैरसमज : इझी-आऊटला अजून जोर लावला असता तर स्टड सुटला असता.
वस्तुस्थिती : पान्याच्या जोराने जाड स्टड तुटला, तर त्याच्या भोकात मावणारा बारीक इझी-आऊट त्याहून जास्त जोर कसा सोसणार? शिवाय पेचाचा इझी-आऊट पाचरीसारखा रुततो, स्टडला आतून फुगवतो आणि गंजलेले आटे आणखी आवळतो. हे हत्यार पान्याने तोडलेल्या पण मुळात मोकळ्या स्टडसाठी ठीक; गंजाने धरलेल्यासाठी नाही.

गैरसमज : नवं ड्रिल लावलं की तुकडा कापला जाईल.
वस्तुस्थिती : साधं हायस्पीड ड्रिल आणि इझी-आऊट, दोन्ही पाणी दिलेलं कडक पोलाद. ड्रिल त्याला कापत नाही. बाजूच्या मऊ धातूत सरकतं. भोक तिरकं जातं आणि हेडचे आटे खातं. त्यासाठी कार्बाइडच लागतं. मात्र कार्बाइड ठिसूळ असतं. हातातलं ड्रिल मशीन हललं की तेही आत तुटतं. हाताने करायचं तर डाय ग्राइंडरवर कार्बाइड बर लावून तुकडा थोडाथोडा झिजवावा. गॉगल हवाच, कारण कडक पोलादाच्या कपच्या डोळ्याकडे उडतात.

गैरसमज : आधी तुकडा काढल्याशिवाय स्टड निघत नाही.
वस्तुस्थिती : तुकडा आत राहू द्या, त्याच्यासकट स्टड फिरवता येतो. स्टडचं तोंड वर दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड फुगतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. मग पाना मागे-पुढे हलवत, थोडं तेल सोडत स्टड काढायचा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडायला विसरू नये.

गैरसमज : गॅसने लाल केलं की काहीही निघतं.
वस्तुस्थिती : ट्रॅक्टरचं हेड बहुधा बिडाचं, मोटारसायकलचं आणि जुन्या लूनाचं अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, त्याचे मिश्रधातू त्याआधीच. आणि वितळण्यापूर्वी ते लाल होत नाही. इशारा न देता कोपरा ढासळतो. साधारण 150 अंशांची एकसारखी ऊब पुरे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पकड सैल पडते. बीड मात्र पोलादाइतकंच फुगतं, तिथे सगळं हेड तापवून फारसा उपयोग नाही.

गैरसमज : तुरटीने तुकडा विरघळतो ही थाप आहे.
वस्तुस्थिती : घड्याळजी पितळेच्या प्लेटमध्ये तुटलेला पोलादी स्क्रू असाच काढत आले आहेत. तुरटीचं गरम, दाट पाणी पोलाद हळूहळू खातं. पितळेला आणि अॅल्युमिनियमला फारसं लागत नाही. पण काम तासांचं नव्हे, कधी दिवसांचं असतं, आणि सुटा भाग बुडवता आला पाहिजे. बिडाच्या हेडवर हा प्रयोग नको. तुरटी हेडही खाईल.

गैरसमज : स्पार्क मशीनने तुकडा काढताना हेड जळतं.
वस्तुस्थिती : सोव्हिएत संघात लाझारेंको दांपत्याने 1943 साली ठिणग्यांनी धातू झिजवायची ही पद्धत घडवली. तांब्याच्या किंवा ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडमधून, द्रवाच्या आत, बारीक ठिणग्या पडतात आणि समोरचा धातू कणाकणाने उडतो. धातू किती कठीण आहे याच्याशी ठिणगीला देणंघेणं नाही. इलेक्ट्रोड तुकड्यापुरताच बारीक असला की आटे शाबूत राहतात. डाय बनवणाऱ्या टूलरूममध्ये हे मशीन असतं. हेड उतरवून तिथे नेणं खर्चाचं वाटतं, पण नव्या हेडपेक्षा स्वस्तच.

गैरसमज : आटे गेले म्हणजे हेड भंगारात.
वस्तुस्थिती : भोक मोठं करून टॅप मारतात आणि हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेचे आटे, बसवतात. अॅल्युमिनियममध्ये हे आटे मूळ आट्यांहून मजबूतही ठरतात.

म्हणून इझी-आऊट तुटला की हँडल खाली ठेवा. हेड बिडाचं की अॅल्युमिनियमचं, ते पाहा. आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी उजेडात, नट वेल्ड करायचा की टूलरूम गाठायची, हे शांतपणे ठरवा. आणि नवा स्टड बसवताना आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या हंगामात तोच स्टड पान्याचं ऐकेल.