भिंत बाहेर सरकवण्यापूर्वी

सायंकाळी पाचच्या सुमारास अनेक जैन घरांतील स्वयंपाकघरात एकच लगबग असते. सूर्यास्तापूर्वी लहानथोरांची जेवणे आटोपायची असतात. ओट्यापाशी दोघी, जेवायला बसलेले चौघे आणि मधून ये-जा करणारी मुले यांना ८ फूट बाय १० फुटांची खोली पुरत नाही. मग कोणीतरी मागच्या अंगणाकडे पाहत सुचवते, “ही भिंतच तीन फूट बाहेर नेली तर?”

हिशेब मोहक आहे. १० फूट लांबीची भिंत ३ फूट बाहेर गेली, की ८० चौरस फुटांचे स्वयंपाकघर ११० चौरस फुटांचे होते. परंतु त्याआधी ही भिंत केवळ आडोसा आहे की घराचा आधार, याचे उत्तर मिळवावे लागते.

जुन्या घरांत ९ इंची किंवा त्याहून जाड भिंती छपराचा व वरच्या मजल्याचा भार पेलतात. अशी भिंत काढण्यापूर्वी टेकू लावून वरचा भार तोलून धरावा लागतो आणि तिच्या जागी तुळई घालावी लागते. आरसीसी सांगाड्याच्या घरात भार खांब व तुळयांवर असतो. तेथे त्यांना धक्का लावता येत नाही. यातील फरक गवंड्याच्या अंदाजावर न सोडता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घेणेच श्रेयस्कर. काँक्रीटच्या नव्या तुळईखालचे टेकू ६ मीटरपर्यंतच्या अंतरासाठी किमान १४ दिवस ठेवावेत, असे भारतीय मानक ४५६ सांगते. कामाची घाई झालेल्या घरात नेमका हाच संयम सुटतो. जुने व नवे बांधकाम जेथे जुळते, तो सांधाही नीट बंद करावा लागतो. नवा पाया कमकुवत राहिला तर तो खचतो, सांध्याला तडा जातो आणि पावसाळ्यात तेथूनच ओल शिरते.

दुसरा प्रश्न हद्दीचा. इमारत आणि भूखंडाची सीमा यांमधील सामासिक अंतर उजेड, वारा व आणीबाणीतील वाट यांसाठी राखलेले असते. ते आपल्या मालकीचे असले तरी मनमानी बांधकामासाठी मोकळे नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार केवळ इमारतीच्या आतील फेरफारांना परवानगीतून सवलत आहे. बाहेर सरकणाऱ्या भिंतीला ती लागू होत नाही. अनधिकृत बांधकाम पाडण्याची नोटीस देण्याचा अधिकारही याच अधिनियमाने नियोजन प्राधिकरणाला दिला आहे. सदनिका असेल, तर बाहेरची भिंत एकट्याची नसते. तेथे गृहनिर्माण संस्थेची संमती आणि प्राधिकरणाची परवानगी दोन्ही हवीत.

तिसरा प्रश्न कागदाचा. गृहकर्ज देताना बँक मंजूर नकाशा व इंजिनिअरचे अंदाजपत्रक पाहते. मंजुरीविना वाढवलेले ३० चौरस फूट घरच्यांना रोज दिसतात, पण तारण म्हणून त्यांची किंमत धरली जाईलच असे नाही. पुढे घर विकताना किंवा मुलांच्या नावे करताना तोच तुकडा अडचणीचा ठरतो.

परवानगी मिळत नसेल, तर ओट्याची दिशा बदलणे, भिंतीतील फडताळे वाढवणे किंवा भार नसलेली आतली भिंत काढणे हे पर्याय उरतातच. मिळत असेल, तर मात्र क्रम मोडू नये: आधी इंजिनिअर, मग नकाशा, नंतर मंजुरी आणि सर्वांत शेवटी घण.