जमिनीखालचें पेट्रोल

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, सँटा मोनिका नांवाचें शहर आहे. १९९५ सालीं या शहराच्या विहिरींच्या पाण्यांत एका परक्या द्रव्याचा अंश आढळला, आणि १९९६ सालीं तेथील नगरपालिकेला आपल्या बऱ्याचशा विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराच्या पाण्यापैकीं जवळजवळ निम्में पाणी हातचें गेलें व तितकें पाणी दुरून विकत आणण्याची पाळी आली. पाणी आटलें नव्हतें कीं गढूळही झालें नव्हतें. जमिनींत पुरलेल्या टांक्यांतून व नळांतून गळलेलें पेट्रोल त्याला जाऊन मिळालें होतें.

पंप मोडला, टांकी उपसून नेली आणि वर फरशी घातली म्हणजे जागा निर्मळ झाली, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु पोलादी टांकी मातींत हळूहळू गंजते, आणि रोज थोडेंसें पेट्रोल झिरपलें तर तें हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं. मापांतील तूट किंवा उन्हानें उडालेला अंश म्हणून तें सोडून दिलें जातें. अमेरिकेंत १९८४ च्या कायद्यानंतर अशा टांक्यांवर नियम आले, व जुन्या टांक्या सुधारण्यास किंवा काढून टाकण्यास २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची मुदत ठरली. खोदकाम सुरू झाल्यावर काय उघडकीस आलें, याची कल्पना एका आंकड्यानें येईल: त्या देशांत आजवर ५ लाखांहून अधिक ठिकाणीं गळतीची नोंद झाली आहे.

गळलेलें पेट्रोल प्रथम सरळ खालीं उतरतें. वाटेंत त्याचा कांहीं भाग मातीच्या कणांस चिकटून राहतो, कांहींची वाफ होते, आणि उरलेलें भूजलाच्या पातळीपर्यंत पोंचतें. पेट्रोल पाण्याहून हलकें असल्यामुळें तेथें त्याचा तवंग पसरतो. पावसाळ्यांत पाणी चढतें, उन्हाळ्यांत उतरतें. त्याबरोबर तवंगही वरखालीं होऊन मधली सारी माती माखून टाकतो. हा तवंग दिसतो व त्याला वासही येतो. खरी भीति आहे ती पाण्यांत विरघळून दिसेनाशा होणाऱ्या अंशाची. त्यांत बेन्झीन हें मुख्य. त्यानें रक्ताचा कर्करोग होतो, हें आतां निर्विवाद आहे. म्हणून पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें अमेरिकेंत ५ मायक्रोग्रॅमपर्यंतच बेन्झीन चालूं दिलें जातें. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

अशा जागेचा तपास कुदळीनें नव्हे, तर कागदांनीं सुरू होतो. जुने नकाशे, विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें, विम्याच्या कंपन्यांसाठीं काढलेले आगीचे नकाशे, यांवरून टांक्या कोठें होत्या तें ठरवितात. विस्मरणांत गेलेली टांकी चुंबकीय यंत्रानें हुडकतां येते. मग बारीक छिद्रें पाडून निरनिराळ्या खोलींवरची माती काढतात व तिच्यांतील वाफ यंत्रानें मोजतात. मातीचें रसायनही थोडेंफार वय सांगतें. अमेरिकन पेट्रोलांत १९२३ पासून शिशाचें संयुग मिसळूं लागले. तेव्हां खोल थरांतील शिसें जुन्या गळतीकडे बोट दाखवितें. वरच्या थरांतील शिसें मात्र रंगाचें वा मोटारींच्या धुराचेंही असूं शकतें.

यापुढचें काम निरीक्षण-विहिरींचें. त्या निदान तीन तरी लागतात, कारण तीन बिंदूंवांचून पातळीचा उतार कळत नाहीं, हें भूमितीच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. उतार कळला कीं पाण्याची दिशा कळते, आणि दूषित पाणी कोणाच्या विहिरीकडे निघालें आहे हेंही कळतें. यांत दोन फसव्या जागा आहेत. विहिरींत सांचलेला तवंग भोंवतालच्या मातींतील तवंगापेक्षां जाड दिसतो. आणि जवळच कोणी मोठ्या पंपानें पाणी उपसूं लागला कीं प्रवाह आपली दिशाच बदलतो. आज काढलेला बाण उद्यां खोटा ठरतो. दख्खनच्या काळ्या पाषाणांत तर अडचण आणखीच आहे. तेथें पाणी वाळूंतल्यासारखें सर्वत्र न झिरपतां भेगाभेगांतून वाहतें. त्यामुळें शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकीं एक दूषित आणि दुसरी स्वच्छ, असेंही घडूं शकतें.

सँटा मोनिकाला ज्या द्रव्यानें छळलें तें बेन्झीन नव्हतें. १९७९ पासून शिशाऐवजीं एक निराळें द्रव्य पेट्रोलांत घालूं लागले होते. मेथिल टर्शरी ब्यूटिल ईथर हें त्याचें नांव. पुढें हवा शुद्ध राखण्यासाठीं त्याचें प्रमाण वाढलें. हेतु चांगला होता, पण जमिनीखालचा विचार कोणी पुरेसा केला नाहीं. बेन्झीन मातींतील सूक्ष्मजंतु सावकाश कां होईना खाऊन टाकतात, त्यामुळें तें बहुधा फार दूर जात नाहीं. हा ईथर पाण्यांत सहज विरघळतो, मातीला चिकटत नाहीं, व जंतूंनाही सहजासहजीं पचत नाहीं. पाणी नेईल तिकडे तो जातो. टर्पेंटाइनसारख्या चवीमुळें अल्प प्रमाणांतही पाणी तोंडीं लावतां येत नाहीं. कॅलिफोर्नियानें पुढें त्याची मर्यादा चवीसाठीं ५ आणि आरोग्यासाठीं १३ मायक्रोग्रॅम ठरविली. सँटा मोनिकाच्या एका विहीरक्षेत्रांत तो ६१० पर्यंत गेला होता.

गळती नेमकी कोणाची, हें ठरविण्यास भोंवतालच्या सुमारें सव्वा मैलाच्या टापूंत ३० च्या आसपास जागा तपासाव्या लागल्या. त्यांत चालू पंप होते, मोडलेले पंप होते, आणि पेट्रोल वाहून नेणारे नळही होते. २००३ मध्यें अनेक तेल-कंपन्यांनीं शहराशीं तडजोड केली. त्याच वर्षअखेर कॅलिफोर्नियांत या ईथरवर बंदी आली. आणि विहिरी बंद पडल्यावर सुमारें पंधरा वर्षांनीं तें पाणी कोळशाच्या गाळण्यांतून शुद्ध करून पुन्हां नगरवासीयांच्या घरांत येऊं लागलें.